आईचा आवाज, मुलाचा ठेका : ‘उस्फ्रेट’ची गोष्ट

शोभा गुर्टू हे नाव घेताच मराठी रसिकाला ठुमरी, दादरा, कजरी, होरी आठवते. कुणाला ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा आवाज आठवतो, कुणाला ‘मैं तुलसी तेरे आंगन की’मधला. मात्र १९८८ साली जर्मनीतल्या सीएमपी या छोट्या कंपनीने काढलेली एक तबकडी फार थोड्यांना आठवते. तिचे नाव ‘उस्फ्रेट’. त्रिलोक गुर्टू या तालवादकाची स्वतःच्या नावाने निघालेली ही पहिली तबकडी. तिच्यातल्या पहिल्या रचनेचे शीर्षक ‘शोभारॉक’ असे आहे आणि गाणारी स्त्री आहे त्रिलोक यांची आई, शोभा गुर्टू. सोबतीला बास गिटार, ड्रम, व्हायोलिन, पियानो आणि अमेरिकन जॅझमधले एक थोर नाव, ट्रम्पेटवादक डॉन चेरी. पुढे नव्वदच्या दशकात लंडनच्या क्लबांतून तबला आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांच्या मिलाफाचे जे संगीत निघाले, त्याच्या मुळाशी असलेल्या ध्वनिमुद्रणांत या तबकडीचे नाव घेतले जाते. आपल्याकडे तिची दखल फारशी घेतली गेली नाही, हे आश्चर्य म्हणावे लागेल. कारण तिचे धागे मुंबईतून मागे मागे नेले, तर ते थेट दक्षिण महाराष्ट्रात येऊन पोचतात.

विश्रामबागेत उभे राहून नकाशा पाहिला तर हे चटकन लक्षात येईल. एका बाजूला काही मिनिटांवर मिरज. तंबोरे-सतारी घडवणाऱ्यांचे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव. दुसऱ्या बाजूला सांगली, जिथे मास्टर दीनानाथांच्या घरात लता मंगेशकर यांच्या बालपणाची काही वर्षे गेली. पश्चिमेला कोल्हापूर, शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेब यांचे. आणि दक्षिणेला, दोन-तीन तासांच्या वाटेवर, बेळगाव. त्या बेळगावात १९२५ साली भानुमती शिरोडकर यांचा जन्म झाला. त्याच पुढच्या शोभा गुर्टू.

त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नृत्य आणि गायन हाच व्यवसाय असलेल्या कलावंत होत्या. गायकी त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतली होती. शोभाताईंची पहिली रीतसर तालीम कोल्हापुरात झाली, ती अल्लादिया खाँचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे. मल्लिकार्जुन मन्सूर यांनाही ज्यांच्याकडून विद्या मिळाली, तेच हे भूर्जी खाँ. पुढे घम्मन खाँ यांच्याकडून ठुमरी-दादऱ्याचे अंग त्यांना लाभले आणि त्यांनी तेच आपले क्षेत्र मानले. विवाहाने त्या ज्या गुर्टू घराण्यात गेल्या तेही संगीताचे वेड असणारे. सासरे नारायणनाथ गुर्टू हे बेळगावचे वरिष्ठ पोलीस अधिकारी, पण विद्वान आणि सतार वाजवणारे. अशा घरात १९५१ साली मुंबईत त्रिलोक यांचा जन्म झाला. वयाच्या सहाव्या वर्षी आईच्याच प्रोत्साहनाने हातात तबला आला. शाह अब्दुल करीम यांच्याकडे तालीम सुरू झाली. शाळा मात्र माटुंग्याची डॉन बॉस्को. घरात ठुमरी आणि बाहेर साठच्या दशकातली इंग्रजी गाण्यांनी भारलेली मुंबई, असे ते दुहेरी बालपण होते.

त्या काळातल्या मुंबईला पाश्चात्त्य संगीत नवे नव्हते. गोव्याहून आलेल्या वादकांनी हॉटेलांत जॅझ वाजवला आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात तोच ओतला, ही हकीकत आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्रिलोक गुर्टू यांची वाट त्याहून वेगळी. ते ऐकत होते जिमी हेंड्रिक्स, जेम्स ब्राउन, जॉन कोल्ट्रेन. आणि ऐकत होते केवळ तबकड्यांवरून. एकावर एक ध्वनिमुद्रण चढवण्याची, म्हणजे ओव्हरडबिंगची सोय स्टुडिओत असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. १९९५ साली हेंड्रिक्सवरच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनीच हे सांगितले आहे. तबकडीवर तीन-चार ताल एकदम ऐकू आले की तेवढे सगळे एकच माणूस वाजवतो आहे असे समजून ते साधण्याचा खटाटोप त्यांनी केला. ज्या गोष्टी इतर वादकांनी करून पाहायचे मनातही आणले नसते, त्या अज्ञानामुळे अंगवळणी पडल्या. पुढे त्यांच्या वादनाची जी ख्याती झाली, ती बरीचशी या गैरसमजाची देणगी आहे.

‘उस्फ्रेट’ने नेमके काय केले हे समजण्यासाठी आधी थोडे जॅझ-फंकविषयी बोलायला हवे.

जॅझमध्ये साठच्या दशकापर्यंत स्वरांची उत्स्फूर्त रचना, आपल्या भाषेत उपज, हा केंद्रबिंदू होता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नृत्यसंगीतात जेम्स ब्राउन यांनी एक बदल घडवला. चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकायचा. या मात्रेला ते ‘द वन’ म्हणत. एकदा पहिली मात्रा पक्की झाली की प्रत्येक मात्रेचे चार तुकडे करून त्या सोळा फटींत बास, गिटार, ड्रम, शिंगवाद्ये आपापले छोटे तुकडे बसवतात. कुणीच सलग वाजवत नाही. सगळे मिळून एक विणकाम होते. यालाच फंक म्हणतात. जॅझची उपज आणि फंकचे विणकाम एकत्र आले तेव्हा जॅझ-फंक निर्माण झाला. हर्बी हॅनकॉक यांची १९७३ सालची ‘हेड हंटर्स’ ही त्यातली सर्वांत गाजलेली तबकडी. तिच्या प्रती दहा लाखांहून अधिक खपल्या आणि पुढच्या हिप-हॉप संगीतकारांनी तिच्यातले तुकडे मनसोक्त उचलले.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मात्र आदल्या वर्षीची, १९७२ ची, माइल्स डेव्हिस यांची ‘ऑन द कॉर्नर’. या तबकडीत फंकच्या ठेक्यात सतार आणि तबला दोन्ही आहेत. तबला वाजवला बादल रॉय यांनी. मूळचे पूर्व बंगालमधल्या कोमिल्लाचे बादल रॉय न्यूयॉर्कच्या एका भारतीय उपाहारगृहात तबला वाजवत असत. सतारवादकांपैकी एक होते कॉलिन वॉलकॉट, पंडित रविशंकर यांचे अमेरिकन शिष्य. समीक्षकांनी त्या वेळी ही तबकडी झोडपून काढली. दोन-तीन दशकांनी तिलाच द्रष्टी ठरवण्यात आले. पण एक बारीक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. मूळ तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावेच नव्हती. माइल्स डेव्हिस यांनी ती जाणूनबुजून वगळली होती. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की फंकमध्ये तबला पहिल्यांदा ठळकपणे ऐकू आला तेव्हा तो कोण वाजवतो आहे, हे तबकडी विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. तबला तिथे वादक म्हणून कमी आणि एक रंग म्हणून अधिक आला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या मिलाफाचे त्या काळातले दुसरे टोक म्हणजे ‘शक्ती’. १९७५च्या सुमारास जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, झाकीर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांनी हा संच उभारला. तिथे भारतीय वादक बरोबरीने होते, नावानिशी होते. मात्र ‘शक्ती’त ड्रम नव्हते, बास नव्हता, ताल पूर्णपणे भारतीय वाद्यांच्या हाती होता. ड्रम आणि तबला ही दोन्ही वाद्ये एकाच डोक्यातून, एकाच हातांतून निघाली तर काय होईल, हा प्रश्न अजून शिल्लक होता.

त्याचे उत्तर देणारा माणूस तोवर युरोपात पोचला होता. सत्तरच्या दशकात त्रिलोक गुर्टू डॉन चेरी, चार्ली मारियानो, टेर्ये रिपदाल अशा वादकांबरोबर वाजवू लागले. १९७७ साली ‘एम्ब्रियो’ या जर्मन संचाची ‘अपो-कॅलिप्सो’ ही तबकडी निघाली. त्रिलोक यांच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ती मोडते. तिच्यातही शोभाताई गायल्या आहेत! म्हणजे मुलाच्या प्रयोगांत आईचा सहभाग ‘उस्फ्रेट’पासून सुरू झाला नाही, तो अकरा वर्षे आधीचा आहे. ठुमरीच्या क्षेत्रात मान्यता मिळवलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या गायिकेने जर्मन रॉक संचाबरोबर गाण्याचे धाडस १९७७ मध्ये करावे, यातून त्यांच्या स्वभावाची कल्पना यावी.

पुढे १९८४ साली पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना कॉलिन वॉलकॉट यांचा अपघाती मृत्यू झाला. ते ‘ओरेगन’ या अमेरिकन संचाचे तालवादक होते. त्यांची जागा कुणी भरून काढायची हा प्रश्न उभा राहिला तेव्हा निवड झाली त्रिलोक गुर्टू यांची. ‘ऑन द कॉर्नर’वर सतार वाजवणाऱ्या अमेरिकन माणसाच्या जागी मुंबईचा तबलजी आला. याच ‘ओरेगन’चे गिटारवादक राल्फ टाउनर ‘उस्फ्रेट’मध्ये आहेत. एल. शंकर आहेत, स्वीडनचे बासवादक जोनास हेलबोर्ग आहेत, फ्रान्सचे पियानोवादक डॅनियल गोयोन आहेत.

तबकडीत रचना मोजक्याच आहेत. काहींत गर्दी झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरचा तो चकचकीत सूर आजच्या कानांना जुनाट वाटतो. पण ‘शोभारॉक’ सुरू होते आणि या तक्रारी मागे पडतात. ड्रम आणि बास यांचा जड ठेका चालू आहे आणि त्यावर एक खर्जाकडे झुकणारा, किंचित खरखरीत, पक्व आवाज आपल्या लयीने येतो. हा आवाज ठेक्याच्या मागे धावत नाही. तो ठुमरीतच आहे. ठेका त्याच्याकडे आला आहे.

हे जमले कसे? ‘आईच्या गाण्याला मुलाने रॉकची जोड दिली’ एवढे म्हणून भागत नाही. उत्तर ठुमरीच्याच घडणीत सापडते.

ठुमरी गाताना गायिका आधी संथ लयीत, दीपचंदीसारख्या चौदा मात्रांच्या तालात, शब्दांचे निरनिराळे भाव उलगडत जाते. एकच ओळ कधी विनवणी होते, कधी रुसवा, कधी टोमणा. या वेळी तबला केवळ ठेका धरून असतो. मग शेवटाकडे ताल बदलतो. केहरव्याच्या आठ मात्रा येतात आणि तबलजीला मोकळीक मिळते. त्याला लग्गी म्हणतात. गायिका मुखड्याची ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहते आणि तबला दुगुनीत, चौगुनीत, बोलांच्या निरनिराळ्या गुंफणींनी नुसता नाचू लागतो. श्रोत्यांचे पाय आपोआप हलतात. शेवटी तिहाई घेऊन सगळे समेवर येतात आणि मूळचा संथ ठेका परत सुरू होतो.

आता हेच वर्णन फंकच्या भाषेत मांडून पाहावे. एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते. फंकमध्ये तिला व्हॅम्प म्हणतात. तिच्याखाली प्रत्येक मात्रेचे चार-चार तुकडे करून ताल विणला जातो. पहिली मात्रा हा सगळ्यांचा भेटण्याचा बिंदू. म्हणजे ज्या जागी ठुमरी आणि फंक एकमेकांना भेटू शकतात, ती जागा ठुमरीत आधीपासूनच होती. कोठीवरच्या, मैफलीतल्या, नाचाच्या पायांशी जोडलेल्या गाण्याची ती जागा. ख्यालाच्या प्रतिष्ठेपुढे तिला दुय्यम मानले गेले, ‘हलकेफुलके’ म्हटले गेले. मेनकाबाईंच्या परंपरेत गाणे आणि नाचणे वेगळे नव्हते. त्यांच्या नातवाने जर्मनीत जाऊन नेमका तोच दुवा उचलला, याची संगती लावता येते.

एक फरक मात्र राहतो आणि ‘उस्फ्रेट’मधली खरी करामत तिथे आहे. आपल्याकडे सम म्हणजे मुक्कामाचे ठिकाण. तिच्यापासून दूर जायचे, हुलकावण्या द्यायच्या, आता चुकणार असे वाटायला लावायचे आणि अचूक परत यायचे, परतण्यात आनंद. फंकमधली पहिली मात्रा म्हणजे पायाखालची जमीन. ती दर आवर्तनाला, न चुकता हवी. ती ढळली तर नाच थांबतो. त्रिलोक गुर्टू दोन्ही एकाच वेळी सांभाळतात. बास जमीन धरून असतो आणि ते स्वतः तिहाया, विषम मात्रांचे तुकडे, आडी लय घेत दूर निघून जातात. तोंडाने बोल म्हणायचे आणि तेच ड्रमवर उतरवायचे, ही त्यांची रीत. म्हणजे ड्रम त्यांच्यासाठी वेगळी भाषा नाहीच. ‘धा’ आणि ‘तिरकिट’ तिथेही तेच आहेत, फक्त कातडे आणि धातू वेगळे.

त्यांची बैठकही यातूनच घडली. पाश्चात्त्य ड्रमवादक उंच स्टुलावर बसतो. गुर्टू यांनी जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यांवर बसून वाजवण्याची पद्धत काढली. तबला हाताशी, झांजा आणि ड्रम भोवती, शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजती झांज किंवा शिंपल्यांची माळ पाण्यात बुडवली की तिचा सूर थरथरत वाकतो. प्रेक्षकांना या बादलीचे नेहमीच कौतुक वाटत आले. परीक्षकांनी मात्र दाद दिली ती तालाला: अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ या जॅझच्या मान्यवर मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात नव्वदच्या दशकात एकापेक्षा अधिक वेळा ते सर्वोत्कृष्ट तालवादक ठरले.

‘उस्फ्रेट’ निघाली त्याच वर्षी ते जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीत दाखल झाले. गिटार, बास आणि त्रिलोक गुर्टू, एवढेच. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये या त्रयीचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि त्यामुळे हा ताल ‘उस्फ्रेट’पेक्षा कितीतरी अधिक कानांपर्यंत पोचला. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी यांच्यासारखे दिग्गज पाहुणे म्हणून आले. शोभाताई त्यातही आहेत.

लंडनमध्ये तेव्हा एक नवी पिढी वयात येत होती. ब्रिटनमध्ये जन्मलेली, घरी तबला-हार्मोनियम आणि बाहेर रेगे, हिप-हॉप, ड्रम अँड बेस ऐकणारी. १९९५ च्या सुमारास तलविन सिंग यांनी हॉक्स्टनमधल्या ‘ब्लू नोट’ क्लबमध्ये ‘अनोखा’ नावाने साप्ताहिक कार्यक्रम सुरू केले. १९९७ मध्ये त्याच नावाचे संकलन निघाले आणि ‘एशियन अंडरग्राउंड’ हे नाव रूढ झाले. तलविन सिंग यांच्या ‘ओके’ या १९९८ च्या अल्बमला पुढच्या वर्षी ब्रिटनचे प्रतिष्ठेचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये नितीन साहनी यांचा ‘बियॉन्ड स्किन’ आला. या दोघांसह त्या पिढीतल्या अनेकांवर ‘उस्फ्रेट’चा ठसा असल्याचे सांगितले जाते आणि ऐकताना ते पटते. तबल्याचे बोल हे गाण्याचा सांगाडा म्हणून वापरणे, ठुमरी-ख्यालाच्या आवाजाखाली जड बास ठेवणे, लय दुभंगून दोन पातळ्यांवर चालवणे या गोष्टी १९८८ मध्ये तिथे होत्या. नव्या पिढीने त्या संगणकाच्या हाती दिल्या.

पुढे तर गुरुस्थानी असलेला आणि त्याच्यापासून शिकलेले असे सगळेच एका तबकडीवर आले. अमेरिकन बासवादक बिल लासवेल यांच्या पुढाकाराने २००० साली निघालेल्या ‘टाला मॅट्रिक्स’मध्ये झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तलविन सिंग आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला कर्श काळे असे चौघे तालवादक आहेत. ‘चिल्ड्रन’ या १९९५ च्या नृत्यधुनेने जगभर गाजलेले इटलीचे रॉबर्ट माइल्स यांनी तर २००४ साली त्रिलोक गुर्टू यांच्यासह ‘माइल्स-गुर्टू’ हा जोड-अल्बमच केला.

या प्रभावाच्या कथेला एक दुसरी, कमी सुखाची बाजू आहे. ‘उस्फ्रेट’ निघाली त्याच १९८८ मध्ये जपानच्या अकाई कंपनीने एमपीसी-६० हे यंत्र बाजारात आणले. जुन्या तबकडीतला एखादा तुकडा उचलायचा, बोटाच्या टिचकीवर पुन्हा पुन्हा वाजवायचा, त्यावर नवे गाणे रचायचे. सॅम्पलिंगची कला आधीची, पण या यंत्राने ती घरोघरी नेली. जॅझ-फंकच्या तबकड्या ही या कलेची सर्वांत मोठी खाण. त्यात भारतीय आवाजही सापडू लागले. मुंबईच्या आशा पुथली यांनी १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’साठी गायले होते, त्यांच्या १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’मधल्या ‘स्पेस टॉक’चा तुकडा १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या अमेरिकन रॅपरच्या अल्बमवर अवतरला.

सगळ्यांत गाजले ते २००२ चे प्रकरण. ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे तिथे तुफान लोकप्रिय झाले. त्याच्या पोटात आवाज होता लता मंगेशकर यांचा. बप्पी लाहिरी यांनी १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटासाठी केलेल्या गाण्यातला. ना परवानगी, ना नामोल्लेख. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि २००३ च्या सुरुवातीला न्यायाधीशांनी लाहिरी यांचे नाव छापल्याशिवाय तो अल्बम विकण्यास मनाई केली. सांगलीत सूर लावायला शिकलेला, भारतात ज्याची ओळख सांगावी लागत नाही असा आवाज, आणि अमेरिकन श्रोत्यांसाठी तो होता कुणी एक अनामिक पूर्वेकडची बाई. लताबाईंच्या बाबतीत हे घडू शकते, तर एखाद्या जुन्या, विस्मरणात गेलेल्या ठुमरी गायिकेचा तुकडा उचलला गेल्यास दाद कोण मागणार? ठुमरीच्या क्षेत्रात तर हे दुखणे आणखी जुने आहे. कोठीवर गाणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या बंदिशी पुढे प्रतिष्ठित मैफलीत गेल्या. त्यांची नावे वाटेत गळून पडली.

या पार्श्वभूमीवर ‘शोभारॉक’ हे शीर्षक नुसता शब्दखेळ राहत नाही. आवाज उचललेला नाही. गायिका स्वतः ठेक्यासमोर बसून गायली आहे. लय तिच्यासाठी जागा सोडते. नाव रचनेच्या कपाळावर आहे. पूर्वेकडचा आवाज म्हणजे धुक्यासारखी एक सजावट, हा ‘फ्यूजन’मधला सोपा रिवाज इथे मोडला आहे, आणि मोडू शकला तो गाणारी आणि वाजवणारा एकाच घरातले असल्यामुळे. लग्गीत गायिका कुठे ओळ सोडते आणि कुठे धरते हे ज्याने लहानपणापासून ऐकले, त्यालाच तिच्याखाली फंक कुठे घालायचा आणि कुठे गप्प राहायचे हे कळते. नंतरच्या पिढीकडे यंत्रे अधिक चांगली होती, बास अधिक खोल होता. हे गप्प राहणे मात्र त्यांच्यातल्या थोड्यांनाच साधले.

शोभाताईंना १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच २००२ मध्ये त्रिलोक यांचा ‘रिमेम्ब्रन्स’ हा अल्बम आला. त्यात झाकीर हुसेन आणि शंकर महादेवन यांच्यासह शोभाताईंचाही आवाज आहे. २७ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्रिलोक गुर्टू यांनी २०१३ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये आपल्या आवडत्या ट्रम्पेटवादकांना मानवंदना दिली. त्यात ‘उस्फ्रेट’चे सोबती, १९९५ मध्ये दिवंगत झालेले डॉन चेरी आहेत आणि ‘ऑन द कॉर्नर’मधली ‘ब्लॅक सॅटिन’ ही रचनाही. ज्या तबकडीवर तबलजीचे नाव छापले नव्हते, तिच्यातली रचना एका तबलजीच्या नावावर निघालेल्या अल्बममध्ये आली.

‘उस्फ्रेट’ प्रथमच ऐकणाऱ्याने आधी शोभाताईंची एखादी मैफलीतली ठुमरी शेवटापर्यंत, लग्गी सुरू होऊन संपेपर्यंत ऐकावी आणि लगेच ‘शोभारॉक’ लावावे. उलट क्रमाने ऐकल्यास ड्रमच आधी कान व्यापतात आणि आवाज त्यावर ठेवल्यासारखा भासतो. पहिल्या क्रमाने ऐकल्यास तबला कुठे थांबला आणि ड्रम कुठे सुरू झाले, हे शोधावे लागते.